डावा पाय अर्धा इंच आखूड

उद्या सरकारी कागदावर लिहून आलं, की तुमच्या घरातला माणूस स्वतःच्या पायांनी घर सोडून निघून गेला, तर त्याला नेलं होतं हे तुम्ही कशाच्या जोरावर सिद्ध कराल? फोटो दाखवाल? फोटोवरून तो होता एवढंच कळतं. शेजाऱ्यांना साक्षीला बोलवाल? ज्या दिवशी दारात जीप येते त्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद असतात.

मलाही शारजाला जाईपर्यंत या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं. सांगलीत आमच्या वडिलांचा छोटा छापखाना आहे. हळदीच्या पेठेतल्या हमालांची पत्रकं तिथे छापली जातात. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. बाराव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं, आणि वडिलांनी ते न सुधारता छापलं याचा अभिमान मी अजून बाळगून आहे. आमच्याकडे सर्वांत आधी झिजायचे ते उद्गारचिन्हाचे शिशाचे खिळे. ते संपले की वडील पुण्याला माणूस पाठवत. बाकीची अक्षरं वर्षानुवर्षं टिकत.

पुण्यातल्या एका शिबिरात माझी दिलिनीशी ओळख झाली. ती कोलंबोची वकील, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. श्रीलंकेत आधीच्या सरकारच्या काळात हजारो माणसं घरातून, शेतातून, रस्त्यातून उचलली गेली आणि परत आली नाहीत. सरकार बदललं, नव्या सरकारने चौकशीसाठी आयोग नेमले, आणि गावोगावच्या बाया आपापल्या माणसांची नावं घेऊन आयोगापुढे उभ्या राहिल्या. दिलिनी त्यांचे जबाब लिहून द्यायची. ताईने मला महिन्याच्या व्हिसावर शारजाला बोलावलंय हे कळताच तिचं पत्र आलं. कुसुमा नावाची एक बाई जबल अलीच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम करते. तिच्या नवऱ्याची, पियदासाची, नोंद गावच्या कागदात ‘घर सोडून गेला’ अशी आहे. आयोग लेखी जबाब घेतो, पण महिनाअखेरीपर्यंतच. कुसुमाला रजा नाही, तिचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तू तिच्याकडून जबाब घेऊन पाठवशील का?

मी उलट टपालाने ‘हो’ कळवलं. बॅगेत ताईसाठी भडंगाचे चार पुडे, लसणाची चटणी आणि माझ्यासाठी कोरे कागद घेतले.

शारजा

ताई आणि भावोजी शारजाच्या रोल्ला भागात राहतात. खाली दुकानं, वर माणसं, आणि गल्लीत मराठीखेरीज भारतातल्या सगळ्या भाषा. मराठी ऐकू आलीच तर कोकणातल्या लोकांची. भावोजी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट इंजिनियर आहेत. विमानतळावरून येताना त्यांनी मला समुद्राची खाडी, गालिचे आणि मसाले लादलेली लाकडी गलबतं आणि दर वस्तूचा भाव दाखवला. आधी दिरहममध्ये, मग मोठ्याने साडेनऊने गुणून रुपयांत. घरी पोचेपर्यंत मला दुधाच्या पिशवीपासून घरभाड्यापर्यंत सगळं पाठ झालं.

सात वर्षांची भाची रिया मला मावशी म्हणते, पण त्यापुढचं सगळं इंग्रजीत. मी भडंग पुढे केलं तर म्हणाली, “मावशी, इट्स टू स्पायसी.” मग अर्धा पुडा संपवला.

जेवताना मी कुसुमाचं काम सांगितलं. भावोजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, “वसू, हे सांगली नव्हे. इथे माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे. तू मोर्चाबिर्चा काढायचा नाहीस.” मी म्हटलं, एका बाईचा जबाब लिहायचाय, मोर्चा कुठे आला? ते म्हणाले, तुझ्या बाबतीत सुरुवात नेहमी एका बाईपासूनच होते. ताई हसली. मी नाही हसले. आमच्या वडिलांकडे पत्रकं छापून जीवावर उदार झालेल्या हमालांना जी सगळी कारणं ऐकावी लागली, तीच कारणं माझ्यासमोर ताटात वाढली जात होती असं मला वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्या रात्रीचं श्रीखंड गोड लागलं नाही.

कुसुमाची कंपनी सुट्टीच्या दिवशी बायकांना बसने रोल्लाच्या मैदानाजवळ दोन तास सोडते, असं दिलिनीने लिहिलं होतं. मी रविवारी दुपारी जाऊन बसले. मैदान रिकामं. एक म्हातारा पठाण बाकावर झोपलेला. दीड तास उन्हात बसून घरी आले, तर ताई म्हणते, अगं वेडे, इथे सुट्टी शुक्रवारी. रविवारी सगळं जग कामावर. ‘रविवार हा कामगाराचा हक्काचा दिवस’ हे मी निदान वीस पत्रकांत लिहिलं असेल. जगातला कामगार कुठल्या वारी सुट्टी घेतो हे विचारायची मला कधी गरज वाटली नव्हती.

रोल्ला, पहिला शुक्रवार

शुक्रवारी तेच मैदान ओळखू येईना. पंजाबी, बंगाली, मल्याळी, नेपाळी, हजारो माणसं गवतावर बसलेली. कुणी पत्र वाचून घेतोय, कुणी केस कापून घेतोय. रोल्ला म्हणजे वड. इथे एक जुना मोठा वड होता, त्याच्यावरून हे नाव. वड कित्येक वर्षांपूर्वी मेला, पण सगळं गाव अजून त्याच्या नावाने पत्ता सांगतं.

बसमधून उतरलेल्या बायकांत कुसुमा ओळखायला सोपी गेली. निळी छत्री घेऊन येईन असं तिने दिलिनीमार्फत कळवलं होतं, आणि आकाशात ढगाचा ठिपका नसताना निळी छत्री तिच्या एकटीकडेच होती. पस्तिशीची, बारीक, बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. आम्हा दोघींची भाषा आखाती हिंदी. तिने आधी डबा उघडला. लाल भात आणि त्यावर ओल्या खोबऱ्याची, लाल तिखटाची, लिंबू पिळलेली चटणी. “पहले खाना,” ती म्हणाली. मी सांगलीची, तिखटाला घाबरत नाही, अशा तोऱ्यात मोठा घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. ती पहिल्यांदा हसली. मी तिला ताईकडची लसणाची चटणी चाखवली. तिने बोटावर घेतली, आणि हे लेकरांना देतात का, असं विचारलं.

मग तिने सांगितलं. तिचा नवरा गावातला शिंपी. शेजारच्या गावच्या शाळेत लष्कराची छावणी बसली होती. गावच्या पोरांच्या मिरवणुकीचे झेंडे त्याने शिवले होते. एके दिवशी चार वाजता जीप आली आणि त्याला घेऊन गेली. छावणीवाले म्हणाले, आम्ही कुणाला आणलं नाही. गावच्या कारकुनाने लिहिलं, घर सोडून गेला. तेव्हापासून गावात तिला नवऱ्याने टाकलेली म्हणतात. मुलगी आजीकडे शाळेत जाते, तिलाही पोरं तेच ऐकवतात.

“मेरा आदमी भागा नहीं,” कुसुमा म्हणाली. “इतना लिख दो. और कुछ नहीं माँगती.”

मी लिहिलं. किती लिहिलं. घरी येऊन दोन दिवसांत इंग्रजीतून सहा पानं काढली. हुकूमशाहीचा रक्तरंजित चेहरा, बुटांखाली चिरडलेली जनता, इतिहासाचा न्याय, सगळं आलं. तिसऱ्या पानावर तर जगभरच्या हुकूमशहांना इशारा होता. मला ती पानं फार आवडली.

इस्माईलचाचांचं टायपिंग सेंटर

रोल्लात दर चार दुकानांमागे एक टायपिंग सेंटर असतं. व्हिसाचा अर्ज, लेबर कार्ड, घराचा करार, जे काही सरकारात द्यायचं ते तिथे टाइप होतं. ताईच्या इमारतीखालचं सेंटर इस्माईलचाचांचं. चाचा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. चोवीस वर्षं इथे अर्ज भरतायत. एका टेबलावर अरबी मशीन, एका टेबलावर इंग्रजी, मधे फिरती खुर्ची. मी सांगलीची म्हटल्यावर त्यांनी कडक चहा मागवला आणि हळदीचा भाव विचारला.

त्यांनी माझी सहा पानं वाचली. वाचताना चष्मा दोनदा पुसला. “पोरी,” ते म्हणाले, “यो अर्ज नाय गो. यो तुझा राग हाय.”

मी म्हटलं, राग यायलाच हवा अशी गोष्ट आहे.

“येवदे की. मी कुठं नको म्हणतंय? पण सायबाच्या फॉर्मात रागाचा रकाना नसतोय. तुला टाइप करून पायजे? करतो. पानाला धा दिरहम. रागाची सहा पानं म्हणजे माझाच फायदा.”

मला ते बोलणं लागलं. मी म्हटलं, करा टाइप. त्यांनी केलं, एकही चूक न करता. उद्गारचिन्हासाठी त्यांच्या मशीनवर आधी टिंब द्यायचं, मागे यायचं आणि वर उभी रेघ मारायची. ते दर वेळी माझ्याकडे बघून मागे येत होते.

रोल्ला, दुसरा शुक्रवार

मैदानावर बसून मी कुसुमाला सहाच्या सहा पानं हिंदीत वाचून दाखवली. ती मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. संपल्यावर मी पेन पुढे केलं. तिने घेतलं नाही.

“दीदी, ये बहुत अच्छा है,” ती म्हणाली. “लेकिन ये मेरा नहीं है. इसमें पियदास किधर है?”

मी पानं उलटून दाखवायला लागले. दुसऱ्या पानावर त्याचं नाव एकदा होतं. चौथ्यावर ‘एक निष्पाप श्रमिक’ असं होतं. तेवढंच. सहा पानांत मी होते, माझे वडील होते, आमचा अख्खा छापखाना होता. तो शिंपी नव्हता. तिचं एकच मागणं होतं, माझा माणूस पळाला नाही, आणि ते वाक्य मी कुठेच लिहिलं नव्हतं. मला ते फार साधं वाटलं होतं.

मी तिथल्या तिथे पानं घडी करून पिशवीत टाकली. बस सुटायला सव्वा तास होता. मी कुसुमाचा हात धरला आणि चाचांच्या दुकानात नेलं. म्हटलं, चाचा, तुम्ही विचारा.

चाचांनी एकदाही ‘बघ, सांगितलं होतं’ म्हटलं नाही. त्यांनी मशीनला कोरा कागद लावला आणि रोज शंभर माणसांना विचारतात तशाच आवाजात विचारायला सुरुवात केली. नाम? बाप का नाम? गाँव? उमर? कुसुमा उत्तरं देत गेली आणि मशीन टकटकत गेलं. काम?

“टेलर.”

कुठल्याही फॉर्मात ‘व्यवसाय’ रकाना भरला की चाचांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुणाकडे काम करतोस? व्हिसाच्या अर्जात मालकाचं नाव लागतं. त्यांनी सवयीने तोच विचारला. “किसके पास काम? उस दिन किसका काम करता था?”

कुसुमाने छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, “साब का. पैंट.”

कुठला साहेब?

“वही साब. जो जीप में आया.”

चाचांचं मशीन बंद झालं. मग बाईने आठ वर्षांत कुणी विचारलीच नव्हती ती गोष्ट सांगितली. छावणीतले अधिकारी पियदासाकडेच कपडे शिवत. त्या साहेबाने दोन दिवस आधी दुकानात येऊन पँटचं माप दिलं होतं. जीप आली तेव्हा तो साहेब खाली उतरला आणि म्हणाला, छावणीवर चल, फिटिंग बघायचं आहे. पियदास अर्धवट शिवलेली पँट हातात घेऊन, गळ्यात टेप तसाच ठेवून, अनवाणी जीपमध्ये बसला. चपला दारातच राहिल्या.

“साब का नाम?” चाचांनी विचारलं.

“किताब में है. माप का किताब. पियदास सब लिखता था.”

ती वही कुठे आहे, मी विचारलं. कुसुमाने आम्ही दोघं मूर्ख असल्यासारखं पाहिलं. वही तिच्या पेटीत होती, जबल अलीच्या हॉस्टेलात. नवऱ्याच्या हातचं अक्षर म्हणून ती समुद्रापार घेऊन आली होती. पुरावा म्हणून नव्हे.

मी सांगते, मी आठवडाभर त्या बाईच्या गोष्टीत ‘सत्तेचं स्वरूप’ शोधत होते. तिच्या नवऱ्याच्या हातात त्या दिवशी कुणाचं काम होतं, हे एका टायपिस्टने रकाना भरताना विचारलं.

जबाब एका पानाचा झाला. त्यात एकही विशेषण नाही. शेवटचं वाक्य होतं, ‘माझा नवरा पळाला नाही. मापाची वही सोबत जोडली आहे.’ कुसुमाने ते वाचून घेतलं आणि सही केली. तिचं नाव तिच्या लिपीत गोल गोल वेलींसारखं दिसतं. चाचांनी पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, त्या सहा पानांचे घेतले ते पुरेत.

आता ‘सोबत जोडली आहे’ ती वही तेवढी आणायची राहिली. मी कोलंबोला फोन लावला. दिलिनीने त्या छावणीची फाइल काढली. मग म्हणाली, वसू, त्या छावणीचा अधिकारी आयोगापुढे आला होता. त्या गावात आपण पाऊलही टाकलं नाही, असं शपथेवर सांगून गेला. झेरॉक्स पाठवू नकोस, खोटी आहे म्हणतील. मूळ वही हवी, महिनाअखेरीआधी.

जबल अली, तिसरा शुक्रवार

माझ्या हातात एकच शुक्रवार होता. त्या दिवशी चार वाजता बस आली नाही. पाच वाजता आली नाही. दुसऱ्या एका कारखान्याच्या बसमधून उतरलेल्या श्रीलंकन बायकांनी सांगितलं, त्या कंपनीत शिपमेंट अडकलीय, आज सगळ्यांना ओव्हरटाइम.

मी घरी आले आणि भावोजींसमोर उभी राहिले. मोठं भाषण तयार होतं. वाटेत जुळवलं होतं, त्यात त्यांचा भित्रेपणा, मध्यमवर्ग, सगळं होतं. पण दोन शुक्रवारांत मी थोडं शिकले होते. मी फक्त चाचांनी टाइप केलेलं पान त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते वाचलं. परत वाचलं. मग रियाला म्हणाले, बाबाची किल्ली आण. ताईने काही न विचारता थर्मास भरला.

“तिथल्या हॉस्टेलचं एसीचं काम आमच्याच कंपनीकडे आहे,” गाडी सुरू करताना ते म्हणाले. “गेटवर मला ओळखतात. तू तोंड उघडायचं नाहीस. आणि वसू, ‘अनवाणी गेला’ असं खरंच आहे का?”

मी म्हटलं, खरंच आहे.

“मग झालं,” ते म्हणाले, आणि पुढचे पन्नास-साठ किलोमीटर कशाचाही भाव सांगितला नाही.

दुबई मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती वाळू लागते. वाळूला रंग नसतो असं मला वाटायचं. मावळतीला ती आमच्या पेठेतल्या हळदीसारखी होते. मग एकदम समुद्राकडून बंदराच्या क्रेन दिसायला लागतात, आणि गोदामं, गोदामं, आणि त्यांच्या मागे कामगारांच्या बराकी. शेकडो शर्ट दोऱ्यांवर वाळत घातलेले. सात हजार मैलांवरच्या दुकानांत टांगले जाणारे कपडे जिथे शिवले जातात, तिथल्या माणसांचे कपडे.

बायकांच्या हॉस्टेलच्या गेटवर मल्याळी वॉचमन होता. भावोजी हेल्मेट हातात घेऊन उतरले. काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. डक्ट, लीकेज, पाच मिनिटं, इन्शाल्ला, एवढे शब्द आले. वॉचमन म्हणाला, लेडीज हॉस्टेल, अंदर मना है. भावोजी म्हणाले, मग कुसुमाला बाहेर बोलवा, तिच्याच खोलीची तक्रार आहे. कंपनीच्या नोकरीत दहा वर्षांत एकदाही खोटं न बोललेला माणूस इतकं सफाईने खोटं बोलला, की मला माझ्या ताईबद्दल किंचित काळजी वाटली.

कुसुमा ओव्हरटाइमवरून नुकतीच आली होती. केसांना दोऱ्याचे तुकडे लागलेले. ती वही कापडात बांधून घेऊन आली. जाड पुठ्ठ्याची, लांबट. तिने गेटजवळच्या दिव्याखाली पान उघडून बोटाने वाचून दाखवलं. वर दिलिनीने सांगितलेल्याच साहेबाचं नाव आणि हुद्दा. खाली कंबर चौतीस, लांबी एक्केचाळीस. आणि त्याखाली, शिंपी लोक लिहितात तशी एक बारीक नोंद. कुसुमाने ती दोनदा वाचली.

“लेफ्ट पैर आधा इंच छोटा.”

दिवसभर दुसऱ्यांच्या मापांत राहणारी बाई ती. त्या नोंदीचा अर्थ तिला माझ्याआधी कळला. माणसाची कंबर बदलते, दंड बदलतो. पाय बदलत नाही.

वही देताना मात्र तिचा हात मागे गेला. तिने शेवटचं पान उघडलं. तिथे तिचं स्वतःचं माप होतं, लग्नातल्या पोलक्याचं. लग्नाआधी त्याने घेतलेलं पहिलं. ती म्हणाली, इसका झेरॉक्स मुझे चाहिए, ओरिजिनल साब लोग रखें. मी शब्द दिला. तिने वही दिली, आणि भावोजींना म्हणाली, “भैया, एसी सच में खराब है. देख के जाओ.”

भावोजी हसत हसत गेटवरच वॉचमनकडे नोंद करून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच माणूस पाठवला.

शनिवारी सकाळी चाचांनी शेवटच्या पानाचे दोन झेरॉक्स काढले, एक कुसुमाला आणि एक, त्यांनी सांगितलं, जपून ठेवायला, कारण कागदाचा भरवसा नसतो. मग वही आणि जबाब कुरियरने गेला. पाकिटावर पत्ता चाचांनी टाइप केला. “यल्ला, निघ आता,” ते म्हणाले, आणि पाकिटावर दोनदा हात थोपटला.

सांगली

मला परत येऊन पाच महिने झाले तेव्हा दिलिनीचं पत्र आलं. चार पानी. ते मी हमालांच्या सभेत मोठ्याने वाचलं. इथे थोडक्यात सांगते.

अधिकाऱ्याला पुन्हा बोलावलं गेलं. तो म्हणाला, गाव माहीत नाही, शिंपी माहीत नाही, वही नंतर लिहिलेली आहे. दिलिनीने एकच विनंती केली, साक्षीदाराचं माप घेतलं जावं. त्याच्या वकिलाने हरकत घेतली, की हा आयोग आहे, शिंप्याचं दुकान नव्हे. अध्यक्ष म्हणाले, मोजा. समोरच्या रस्त्यावरून एका म्हाताऱ्या शिंप्याला बोलावलं गेलं. त्याला कुणाचं माप आणि कशासाठी, काहीच सांगितलं नव्हतं. त्याने टेप लावला आणि गिऱ्हाइकापुढे सांगावं तसं मोठ्याने सांगत गेला. कंबर अडतीस. उजवा पाय एक्केचाळीस. मग डावा मोजला, परत मोजला, मान वर करून म्हणाला, साहेब, तुमचा डावा पाय अर्धा इंच आखूड आहे, पँट शिवताना शिंप्याला सांगत जा.

पहिल्या बाकावर कुसुमाची आई आणि तिची नऊ वर्षांची नात बसली होती. नातीने विचारलं, आजी, सगळे उभे का राहिले?

आयोगाच्या कागदात ‘घर सोडून गेला’ यावर रेघ ओढली गेली. त्या जागी लिहिलं गेलं, ‘नेण्यात आले, परत आणले नाही’, आणि नेणाऱ्याचं नाव. त्याच्यावर खटला भरावा अशी शिफारस झाली. खटला अजून व्हायचा आहे, हे मी लपवत नाही. पियदास परत आलेला नाही, हेही. पण कुसुमाच्या मुलीला शाळेत आता कुणी काही ऐकवत नाही, आणि मापाची वही शेवटच्या पानासकट, आयोगाचा लाल शिक्का घेऊन कुसुमाच्या आईकडे परत आली.

कुसुमाचा फोन शुक्रवारी आला. छापखान्यात वडील होते, चार हमाल होते, मशीन चालू होतं. मी हात वर केला आणि वडिलांनी मशीन बंद केलं. चालू छपाई त्यांनी अशी मधेच थांबवलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

“दीदी,” ती म्हणाली, “लिख के आया. मेरा आदमी भागा नहीं.”

वडिलांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं, एका बाजूचं. वडिलांनी वाचून मान हलवली आणि म्हणाले, यात उद्गारचिन्ह एकही नाही, खिळे तर भरपूर आहेत. मी म्हटलं, असू द्या, पुढच्याला लागतील.

आता तुमच्याकडे माझं एक काम आहे. तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत, तुमच्या नातेवाइकांच्या आखातातल्या शेजारात, जिचा माणूस नेला गेला आणि कागदात ‘निघून गेला’ असं लिहिलं गेलं अशी एखादी बाई असेल. या आठवड्यात तिच्याकडे जा. सुट्टी कुठल्या वारी असते ते आधी विचारा. तिने डबा उघडला तर आधी जेवा. तिला सरकारबद्दल विचारू नका. त्या दिवशी तो काय काम करत होता, कुणाचं करत होता, आणि हातात काय घेऊन गेला, एवढंच विचारा आणि ती सांगेल तसं लिहा. लिहून झालं की तिला वाचून दाखवा, आणि ती ‘हे माझं आहे’ म्हणेपर्यंत सही मागू नका. मग तिला पेटी उघडायला सांगा.